कोचला दिलेला बांगड्यांचा आहेर

आवडाबाईची शाळा दुसरीतच सुटली. सही करते, पण एकेक अक्षर चुलीतून निखारा काढावा तसं जपून काढते. पण बास्केटबॉलच्या खेळात टाइमआउट कधी मागावा, हे तिच्याइतकं त्या कॉलनीत कोणालाच कळत नव्हतं. निदान तिचा तसा समज होता. अन् तो मोडायच्या फंदात कोणी पडत नव्हतं, कारण तिचा आवाज.

कॉलनी चिकलठाण्याच्या अंगाला, जालना रोडपासून जरा आत. नवरा तिथल्याच एका कारखान्यात होता, त्याला जाऊन बारा वर्षं झाली. कॉलनीच्या मधोमध नवतरुण क्रीडा मंडळाचं सिमेंटचं कोर्ट, दोन्ही टोकांना लोखंडी खांब, अन् एका बाजूनं बसायला पायऱ्या. तिसऱ्या पायरीचा डावा कोपरा आवडाबाईचा. तिथं दुसरं कोणी बसलंच तर ती तोंडानं काही म्हणायची नाय, नुसती समोर उभी राहायची. माणूस आपोआप उठायचा.

ह्या खेळाचा नाद तिला लागला तो नातवापायी. आठ वर्षांखाली विश्वजीत खेळायला जायला लागला, अन् ही त्याला डबा द्यायला गेली. बराच वेळ बघून मोठ्यानं म्हणाली, "एवढाले ताडमाड पोरं, अन् त्या फाटक्या जाळीत एक बॉल जाईना व्हय?"

ते कोचनं ऐकलं. कोच म्हणजे रिझवानसर. रोशन गेटकडं राहायचे, दिवसा कारखान्यात टूलरूमला काम, अन् सुट्टी झाली की तसेच निळ्या शर्टात कोर्टावर. दुसऱ्या कोणी तिला हटकलं असतं. सर पायरीवर येऊन बसले, तिच्या ओच्यातल्या भुईमुगाच्या शेंगा मागून घेतल्या, पाच इकडं मांडल्या, पाच तिकडं.

"अम्मा, ही शेंग म्हणजे तुमचा विश्वजीत. ह्याच्याकडं बॉल आला, तर बाकीच्या चार शेंगा काय करतील?"

"काय करतील? बघत बसतील."

"बस, तेच तर चुकायलंय आपलं. त्यांनी पळायला पायजे."

तिनं शेंगा इकडून तिकडं पळवून बघितल्या, अन् तिथून तिला खेळ दिसायला लागला. पुढं सुनेनं मोबाइल दिला, मंडळाच्या ग्रुपवर घातलं. लिहिता येत नव्हतं म्हणून आवडाबाई बोलून पाठवायची. हरलेल्या सामन्याच्या दुसऱ्या दिवशी अख्खी कॉलनी चहाबरोबर तिचा आवाज ऐकायची: "नमस्कार. मी आवडाबाई बोलते. काल आपण जिंकीत आलो होतो, ते कोणी घालवलं ते मी आता सांगते..." अन् सांगायची, पार नावानिशी.

दोन-तीन वर्षं टीम बरी चालली. विश्वजीत दांडगा खेळायचा. बाजारात, दवाखान्यात, कोणाच्या मातीला गेली तरी आवडाबाईचं एकच, "माझा विश्वजीत. पिवळी बनियन, सात नंबर." मग टीम घसरली, अन् औंदा तर उताराला लागली. शहराच्या लीगमधले नऊच्या नऊ सामने हरले. अन् हरताना कोर्टावर कोण, तर शिवमसारखी पंधरा-सोळा वर्षांची लेकरं. बनियन गुडघ्यापर्यंत, मिसरूड फुटायचं बाकी. विश्वजीत अन् त्याच्या जोडीचे गडी बाकावर टॉवेल घेऊन बसलेले. आवडाबाईची नजर कोर्टावरून सारखी त्या बाकाकडं जायची. तिला वाटायचं, टीमची काळजी वाटतीय.

नववा सामना हरल्यावर रविवारी सकाळी मंडळाची बैठक बसली, पायऱ्यांवरच. अध्यक्ष नानासाहेब. कोर्टाची जागा त्यांच्या वडिलांच्या शेतातली, म्हणून मंडळ त्यांचं. वीस वर्षांत निवडणूक झाली नाय, कारण उभं राहिलेलं माणूस बसायचं कुठं, त्यांच्याच जागेत?

"बोला," नानासाहेब म्हणाले. "टीम कशी उभी करायची? माझा विचार स्पष्ट हाय. पुण्याहून चार तयार पोरं आणू. मी बघतो त्यांचं काय बघायचं ते. पुढल्या वर्षी कप आपला."

रामकिसन म्हणून मंडळाचा चिटणीस होता. तो भीतभीत म्हणाला, "दादा, गुलमंडीच्या टीमकडं उंच पोरं हायेत, पण त्यांना कोर्ट नाय. दोन्ही टीम एक केल्या तर..."

"अन् बोर्डावर नाव कोणाचं राहील?"

रामकिसन खाली बसला. तो पर्याय तिथंच मेला.

मग रिझवानसर उठले. "माझं म्हणणं, दोन वर्षं द्या. ह्या लहान पोरांना खेळू द्या. हरतील. हरून हरून शिकतील. बाहेरून आणलेली पोरं कप घेऊन परत जातील, अन् ही आपली पोरं पुन्हा बाकावरच."

"म्हणजे दोन वर्षं ठरवून हरायचं?" नानासाहेबांनी विचारलं, अन् सगळे हसले.

बायका त्या बैठकीत बोलत नव्हत्या. आवडाबाई बोलली. "सर, अन् मोठे पोरं काय पाणी भरायला ठेवलेत? कामून बसवलंय त्यांना? काही कारण?"

सरांनी एकवार विश्वजीतकडं बघितलं. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधलेलीच होती, तरी बांधत होता.

"अम्मा," सर म्हणाले, "फैसला माझा आहे."

एवढंच. कारण नाय, काही नाय. आवडाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठ वर्षांचं बोलणं-बसणं, अन् हा माणूस आपल्याला 'फैसला' सांगतो!

बैठक मोडल्यावर नानासाहेब तिच्या शेजारी आले. नवऱ्याच्या ओळखीतले, वहिनी म्हणायचे.

"वहिनी, मी काही करायला गेलो की लोक म्हणतील राजकारण हाय. तुम्ही वयानं मोठ्या, त्यातून बाईमाणूस. पेपरात नाय का येत, बायका हापिसात जाऊन सायबाला बांगड्या देतात. तसं काही झाल्याबिगर ह्या माणसाला उमजायचं नाय. बघा बापा, मी सांगितलं म्हणू नका."

एरवी कोणी एवढं आर्जवानं सांगितलं असतं तर आवडाबाईला शंका आली असती. पण राग आलेल्या माणसाला कोणी वाट दाखवली, की ती कुठं जाते हे तो विचारत नाय.

ती गुलमंडीच्या बाजारात गेली. बारा वर्षांत बांगड्यांच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. गोजरबाई कासारीण गादीवर बसली होती.

"हिरव्या दे, डझनभर," आवडाबाई म्हणाली.

"माप?"

ह्याचा विचारच केला नव्हता. आवडाबाई अडखळली. गोजरबाईनं तिच्या मोकळ्या मनगटांकडं बघितलं अन् लगेच नजर वळवली.

"लेकीला नेती का, माय?"

"व्हय," आवडाबाई म्हणाली. तिला लेकच नव्हती.

"मग लेकीचा हात आणायचा की! बांगडी हातात भरायची असती, पुडीत न्यायची नसती. बरं, अडीचचं माप देते, बसंल." गोजरबाईनं बांगड्या कागदात गुंडाळल्या अन् वर एक जास्तीची घातली. "ही माझ्याकडून. लेक सुखात राहू दे."

आवडाबाईनं ती पुडी घेतली. आशीर्वाद तरी परत करायचा होता, तोही घेतला.

शनिवारी संध्याकाळी घरच्याच कोर्टावर दहावा सामना होता. तोही हरले. शेजारची कडूबाई संगं येणार म्हणून कबूल झाली होती. शिट्टी वाजल्यावर आवडाबाई उठली तर कडूबाई बसलेलीच.

"काय गं, चल की."

"तू हो पुढं. माझा गुडघा धरलाय."

"आता तर नाचत होतीस!"

"नाचले म्हणूनच धरला," कडूबाई म्हणाली, अन् पदर सारखा करत राहिली.

आवडाबाई एकटीच कोर्टात उतरली. सर मधोमध उभे, लहान पोरं भोवती. हरलेली लेकरं मान खाली घालून ऐकत होती. तिला येताना बघून सरांचं तोंड फुललं. दर सामन्यानंतर ती पोरांसाठी काही ना काही आणायची; कधी शेंगा, कधी गुळपापडी. सरांनी हात पँटला पुसले अन् दोन्ही हात पुढं केले, प्रसाद घ्यावा तसे.

"सर, ह्या भरा हातात," आवडाबाई पुडी त्यांच्या ओंजळीत ठेवून पायऱ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं म्हणाली, "अन् घरी बसा!"

पायऱ्यांवर एकच हशा पिकला. कोणी शिट्टी मारली. दहा-बारा मोबाइल वर झाले. सरांच्या हातातला कागद उलगडला अन् हिरव्या बांगड्या दिसल्या. त्यांची बोटं मिटली नाहीत. बांगड्या घसरल्या अन् खळ्ळकन सिमेंटवर पडल्या.

तो आवाज आवडाबाईच्या ओळखीचा होता. बारा वर्षांखाली तिच्याच दारात, तिचेच हात दगडावर धरून बायकांनी तो काढला होता. धनी गेल्याचं रडू तिला नंतर आलं होतं. आधी आलं ते त्या हिरव्या तुकड्यांचं. आपल्यात बांगडी फुटली असं म्हणत सुद्धा नाहीत, वाढली म्हणतात, एवढं तिला जपायचं. जी गेली म्हणून आपण ऊर फोडून घेतला, तीच आपण आज शिवी म्हणून आणली, हे तिला तिथं, त्या हशात उभं राहून कळलं. पण तोंडून निघालेलं अन् हातातून सुटलेलं माघारी येत नाय.

"कोणी पाय टाकू नका," सर पोरांना म्हणाले. "शिवम, मागं हो. नुसते मोजे आहेत पायात."

अन् ते गुडघ्यांवर बसले. रुमाल पसरला. एकेक तुकडा वेचायला लागले. मोठे वेचले, मग बारीक वेचले, मग तळहातानं सिमेंट चाचपत राहिले, रात्रीतून कोणा लेकराला रुतू नये म्हणून. पायऱ्यांवरचं हसू हळूहळू आटलं. कोणाला खाली यायचं सुचलं नाय. आवडाबाईला वाकून हात लावावा वाटलं, पण कंबर वाकेना. लाजेनं माणूस ताठ होतं, हे तिला ठाऊक नव्हतं.

सर उठले. करंगळीला रक्त आलं होतं. रुमालाची गाठ बांधून त्यांनी खिशात ठेवली, अन् तिच्या पायांकडं बघितलं.

"चप्पल आहे ना, अम्मा? सांभाळून जा."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ती घरी येऊन देवाजवळ बसली. दिवा लावायला काडी ओढली, ती विझेपर्यंत धरून बसली, बोट भाजलं तवा भानावर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विश्वजीत वाळूजहून आला. रात्रपाळी होती, म्हणून आदल्या दिवशीच्या सामन्याला तो नव्हता. कंपनीच्या बसमधून उतरून तो नेहमी आधी हातपाय धुवायचा. त्या दिवशी बुटासकट स्वयंपाकघरात आला.

"आज्जी, काय केलंस तू?"

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कोण लागतंय? अख्ख्या बसमध्ये तुझा व्हिडिओ चालू हाय. ड्रायव्हरसुद्धा बघायलाय."

आवडाबाईला बोलायचं होतं, पण तिचा तो आवाज, कॉलनीला चहाबरोबर ऐकू येणारा, कुठं गेला होता कोण जाणे. बारीक म्हणाली, "तुझ्यासाठीच केलं रे. तुला त्यानं उगंच बसवलं..."

"उगंच नाय बसवलं!" विश्वजीत खाली बसला, भिंतीला टेकून. "मीच म्हणलं सरांना. माझ्यानं आता होत नाय, आज्जी. बारा बारा तास मशीनपुढं उभा राहतो. कोर्टावर पाच मिनिटांत दम लागतो. मला सोडायचंच होतं. पण तुला सांगू कसं? तू दवाखान्यातल्या नर्सलाही सात नंबर सांगितलेला. सर म्हणले, आज्जीला वाईट वाटंल. बाकावर येऊन बस, मी बसवलं म्हण. माझ्यावर टाक."

"अन् तू टाकलंस?"

"टाकलं." त्यानं मान खाली घातली. "बैठकीत तू विचारलंस तवा उठून बोलायला पायजे होतं. नाय बोललो."

घरात एकाला दोन लाजलेली माणसं झाली. सुनेनं चहा ठेवला तो तसाच निवला.

तेवढ्यात मोबाइल वाजला. ग्रुपवर रिझवानसरांचा निरोप होता, विश्वजीतनं वाचून दाखवला. तब्येतीच्या कारणानं यापुढं येणं जमणार नाय, पोरांनी सराव चालू ठेवावा, कोर्ट झाडून मगच खेळावं. त्याच्याखाली लगेच नानासाहेबांचे जोडलेले हात, अन् पुढं, लवकरच पुण्याचे नामवंत खेळाडू आपल्या मंडळात. सोबत फलकाचं चित्र. फलकावर नानासाहेब मोठे, बॉल बारका.

आता आवडाबाईला कळलं, आपण कोणाची काठी झालो होतो ते. पण काठीनं मारलं तरी लागतं ते लागतंच, अन् काठी काही बिनहाताची नव्हती. नानासाहेबांनी वाट दाखवली, पाय तिचे होते. अन् टीमसाठी, टीमसाठी म्हणून एवढी बोंबलली ती टीमसाठी होती का, हे तिनं स्वतःला विचारलं. विश्वजीतच्या जागी दुसऱ्या कोणाचा नातू बाकावर असता तर ती गुलमंडीला गेली असती का? उत्तर आलं ते तिला आवडलं नाय.

ती रिक्षानं रोशन गेटला गेली. विश्वजीत येतो म्हणाला, त्याला निजायला लावलं. विचारत विचारत घर सापडलं. दार सरांच्या बायकोनं उघडलं, कहकशा. ओढणीला पीठ लागलेलं, पोळ्या करता करता उठलेली. "सर हायेत का?" आवडाबाईनं विचारलं.

"अरे, अम्मा! आप आवडा अम्मा ना? आवाजानंच ओळखलं. आमचे हे घरी मोठ्यानं लावतात तुमचा मेसेज, हसतात, अन् म्हणतात, बरोबर बोलली बघ." ती खरंच खूश झाली होती. "या, या. बघा ना, अचानक काय झालं ह्यांना, टीम सोडून दिली. म्हणतात, गुडघा दुखतो."

सर आतून आले. त्यांनी आवडाबाईकडं बघून हळूच मान हलवली, नको म्हणून. बायकोला काही सांगितलेलं नव्हतं. इथंही त्यांना तिलाच झाकायचं होतं. करंगळीला चिकटपट्टी होती.

झाकून घेणं सोपं होतं. चहा प्यायचा, गुडघ्याला तेल सांगायचं, अन् निघायचं. आवडाबाईला तसंही वाटलं, एवढं खरं. पण कहकशानं चहाबरोबर खारी पुढं ठेवली, अन् त्या पाहुणचारानं तिचा धीर सुटला.

"गुडघा नाय गं पोरी," ती म्हणाली. "मी बांगड्या दिल्या. सगळ्यांसमोर. म्हणलं, भरा अन् घरी बसा."

कहकशा ऐकत राहिली. आवडाबाईनं सगळं सांगितलं. कासारणीला सांगितलेली लेक, विश्वजीतचं खरं, सगळं. सांगून झाल्यावर हात जोडले. सर म्हणाले, "जाऊ द्या अम्मा. मला काही वाटलं नाही." त्यांना खोटं नीट बोलता येत नव्हतं, ते लगेच कळत होतं.

कहकशा त्यांच्याकडं वळली. "तुम्ही थांबा." मग आवडाबाईकडं बघून, आवाज न चढवता म्हणाली, "अम्मा, तुम्ही आईच्या जागी. मी काही बोलणार नाही. फक्त एक विचारते. दिल्या भर मैदानात, अन् माफी बंद घरात?"

आवडाबाईनं हातातली खारी परत बशीत ठेवली.

"चहा प्या," कहकशा म्हणाली. "थंड होतोय." अन् उठून पोळ्यांकडं गेली. तिच्या हातातल्या बांगड्या लाटण्याबरोबर वाजत होत्या. आवडाबाईनं तो चहा शेवटपर्यंत प्याला. शिक्षा म्हणून प्याला.

संध्याकाळी तिनं ग्रुपवर बोलून पाठवलं. "नमस्कार. मी आवडाबाई बोलते. रिझवानसरांना मी ज्या बांगड्या दिल्या ती माझी चूक. त्यांनी माझ्या नातवाची अब्रू झाकली, अन् मी त्यांची काढली. मला ती अक्कल नानासाहेबांनी दिली, पण घेतली मी..." घटकाभरात तो निरोप दिसेनासा झाला. ॲडमिन नानासाहेब. तिनं परत पाठवला, परत गेला. तिसऱ्या वेळी तिलाच ग्रुपमधून काढलं.

मग ती बुधवारी सरावाच्या वेळेला स्वतःच कोर्टावर गेली अन् मधोमध उभी राहून तेच बोलली, तोंडानं. ते पुसायचं बटण नव्हतं. पायऱ्यांवर वीसेक माणसं होती. काही जण हसले, कडूबाई रडली, नानासाहेब गाडीत बसून निघून गेले. विश्वजीत तिच्या शेजारी येऊन उभा राहिला अन् म्हणाला, "बाकावर मी माझ्या मनानं बसलो होतो." शनिवारी शिवम अन् बाकीची लेकरं बॉल घेऊन रोशन गेटला गेली, सरांच्या दाराबाहेर बसून राहिली. सर आले. म्हणाले, हंगाम संपेपर्यंत. पुढचं पुढं. नानासाहेबांची पुण्याची पोरं तोवर फलकावरच होती.

इथं गोष्ट संपली असती तर आवडाबाईला जरा निजता आलं असतं.

शेवटचा सामना वाळूजला होता, तिथल्या कारखान्यातल्या पोरांच्या कोर्टावर. माणूस बक्कळ. सर कोर्टात आले तवा तिला बघून म्हणाले, "सलाम, अम्मा," पूर्वीसारखंच. पण पूर्वी ते थांबायचे. आता थांबले नाहीत. सर परत आल्यापासूनच्या दोन आठवड्यांत सराव बघतानाही ती तोंड मिटूनच बसायची.

सामना सुरू झाला. शिवमनं बॉल घालवला, अन् समोरच्या गर्दीतून आवाज आला, "सर, बांगड्या भरा!"

हशा. मग चार-पाच जणांनी ताल धरला, टाळ्या वाजवून, "बांगड्या भरा! बांगड्या भरा!" तो व्हिडिओ सगळ्या वाळूजनं बघितला होता. माफीचा व्हिडिओ कोणी काढलाच नव्हता.

सर बाकाजवळ उभे होते. पाठ सरळ ठेवून, पोरांना हात करत. मानेची शीर तेवढी दिसत होती. आवडाबाईनं गुडघ्यावर हात रोवला अन् उठली. कोर्टाला वळसा घालून त्या गर्दीत गेली, ताल धरणाऱ्या पोरांच्या बरोबर मधे, अन् बसली.

पोरं चपापली. एकानं निरखून बघितलं. "अय! आज्जी, त्या व्हिडिओतल्या तुम्हीच ना?"

"व्हय."

"लई भारी, आज्जी! एक नंबर! काय दिली त्याला!" त्यानं मोबाइल काढला. "एक फोटो काढू?"

माफी मागताना कोर्टावर लोक हसले होते तवा लागलं नव्हतं एवढं तिला हे कौतुक लागलं.

"काढ," ती म्हणाली. "अन् खाली लिही. म्हणावं, ही म्हातारी चुकली. त्या माणसानं हिच्या नातवाची लाज राखली, अन् हिनं न विचारता त्याची काढली. ते गाणं म्हणायचं असलं तर त्यात सरांचं नाव घालू नका, माझं घाला. आवडाबाई. म्हणा. मी बसली हाय ऐकायला."

मोबाइल खाली गेला. कोणी म्हणालं, "चल यार, जाऊ दे." तिथला ताल थांबला.

पण कोर्टाच्या पलीकडच्या कोपऱ्यातून दुसऱ्या घोळक्यानं तोच सूर उचलला. त्यांना इकडचं काही ऐकू आलं नव्हतं. आवडाबाईनं त्यांच्याकडं बघितलं. लांब होतं, ऊनही होतं. शेजारच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवून ती परत उठली, अन् तिकडं चालायला लागली.